वाळवंटातल्या गावाचं सांडपाणी

सकाळी उठल्यावर आपण तोंड धुतो. अंघोळ करतो. घरातल्या बाया भांडी घासतात, धुणं धुतात. पाणी आणायला किती पायपीट झाली, हे घरच्या बाईला बरोबर ठाऊक असतं. पण तेच पाणी मोरीतून बाहेर पडलं, की त्याची आठवण कुणाला राहत नाही. जणू ते संपलं.

पाणी संपत नाही. ते कुठं तरी जातं. कुणाच्या दारात साचतं. ओढ्यातून खालच्या गावाला जातं. जमिनीत मुरून विहिरीत उतरतं. नाही तर वाफ होऊन आभाळात जातं. ह्या चारांतली एक वाट त्याला धरावीच लागते.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर जिथं पाणी अगदी थोडं आहे, असं एखादं गाव पाहावं. म्हणून आज आम्ही तुम्हाला फार लांब, ऑस्ट्रेलिया देशात घेऊन जाणार आहोत. आम्ही स्वतः तिथं गेलेलो नाही. जे वाचलं, नकाशात पाहिलं, ते सांगतो.

ऑस्ट्रेलियाचा नकाशा समोर धरा. त्याच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा. तिथं ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. वस्ती साधारण पंचवीस हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण उत्तरेकडचं मोठं शहर डार्विन तिथून सुमारे १५०० किलोमीटर लांब, आणि दक्षिणेकडचं ॲडलेड तेवढंच लांब. मधे तांबडी माती, खुरटं गवत, काटेरी झुडपं आणि उजाड डोंगर. तिथल्या मूळच्या लोकांना अरेर्न्ते म्हणतात. हजारो वर्षं ते ह्या भागात राहत आले आहेत. त्यांच्या भाषेत गावाचं नाव म्पार्न्त्वे.

१८७२ साली ॲडलेडपासून डार्विनपर्यंत तारायंत्राची तार पुरी झाली. वाटेत एक तारघर इथं झालं. जवळ पाण्याचा झरा आहे असं त्या लोकांना वाटलं, आणि तारखात्याचे मुख्य चार्ल्स टॉड यांच्या पत्नीचं, ॲलिसबाईंचं नाव त्यांनी त्या झऱ्याला दिलं. गंमत अशी, की तो झरा नव्हताच! नदीच्या पात्रात, खडकावर साचलेलं ते डबकं होतं. नदीला टॉडसाहेबांचं नाव मिळालं. ती नदीही वर्षाचे बहुतेक दिवस कोरडी ठाक. नुसती वाळू. १९६२ पासून गावचे लोक त्या कोरड्या पात्रात होड्यांची शर्यत लावतात. होड्यांना बूड नसतं. माणसं आत उभी राहून होडी कंबरेला धरतात आणि वाळूतून पळत सुटतात. १९९३ साली ही शर्यत रद्द करावी लागली. कारण काय, तर नदीला पाणी आलं!

हसू येतं खरं, पण ह्यावरून त्या गावची परिस्थिती ध्यानात येते. पाऊस वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या माण, आटपाडी ह्या दुष्काळी तालुक्यांतही याहून जास्त पडतो. आणि तोही दरसाल पडेलच असं नाही.

मग पंचवीस हजार माणसं पितात काय? ती जमिनीखालचं पाणी पितात. आधी गावातल्याच उथळ विहिरी होत्या. वस्ती वाढली, त्या पुऱ्या पडेनात. तेव्हा १९६४ पासून गावाच्या दक्षिणेला, पंधरा किलोमीटरच्या आसपास असलेल्या रो क्रीक नावाच्या जागेवरून पाणी येऊ लागलं. तिथं खोल बोअर घेतलेले आहेत. पाणी शंभर मीटरहून खाली, सच्छिद्र वालुकाश्मात साठलेलं आहे. ते पाणी कधीचं? तज्ज्ञ सांगतात, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं. त्या काळात पाऊस बरा पडत असे, तो मुरला, तो आज उपसतात. उपसा जेवढा आहे तेवढं पाणी वरून मुरत नाही. त्यामुळे पातळी खाली खाली चालली आहे. पणज्याने पुरून ठेवलेला हंडा काढून खावा, तसा हा प्रकार.

म्हणून ह्या गावात सांडपाण्याला महत्त्व आहे. हंड्यातून काढलेला रुपया एकदा खर्च झाला, तर तोच पुन्हा कामाला लावता येईल का, असा हा प्रश्न आहे.

सांडपाण्यात असतं काय?

घरात वापरलेल्या शंभर घागरी पाण्यापैकी ऐंशीच्या आसपास घागरी पुन्हा मोरीतून नि संडासातून बाहेर पडतात. हे पाणी दिसायला काळपट, वासाला वाईट. पण त्याच्या हजार भागांत नऊशे नव्याण्णवाहून जास्त भाग नुसतं पाणीच असतं. उरलेल्या एका भागात सगळी घाण: मैला, मूत्र, खरकटं, तेलकटपणा, साबण, माती. एवढ्याशा एका भागाने हजार भाग नासतात.

त्या एका भागात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. त्यांतले काही हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ असे रोग पसरवतात. जंतांची अंडीही असतात. पण सगळेच जंतू वाईट नसतात, हे लक्षात ठेवा. दुधाचं दही लावणारे जंतूच असतात. शेणाचं खत करणारेही जंतूच. सांडपाणी साफ करायचं म्हणजे ह्या कामसू जंतूंना घाण खायला लावायची, आणि रोगाच्या जंतूंना मरू द्यायचं. सगळं काम एवढंच आहे. मोठ्या शहरात हे काम यंत्रं लावून काही तासांत उरकतात. त्याला वीज फार लागते, शिकलेली माणसं लागतात. ॲलिस स्प्रिंग्जने दुसरी वाट धरली. तिथं ऊन भरपूर आणि जागा भरपूर. म्हणून त्यांनी तळी बांधली.

गावातलं सांडपाणी जमिनीखालच्या नळांतून, डोंगराची एक खिंड ओलांडून, दक्षिणेच्या सपाटीवर जातं. ह्या खिंडीला हेवीट्री गॅप म्हणतात. पलीकडे पश्चिमेच्या अंगाला ही तळी आहेत. उघडी, पसरट, उथळ. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पाणी सावकाश सरकत जातं.

तळ्यात काय चालतं

अशी तळी जगात पुष्कळ गावांना आहेत. त्यांचं काम कसं चालतं ते आता पाहू.

पाणी आलं की आधी जाळी लागते. चिंध्या, काड्या, प्लास्टिक जाळीला अडकतं. मग पाणी पहिल्या तळ्यात शिरतं. तिथं ते संथ होतं, आणि जड घाण तळाशी बसते. तळाशी हवा पोहोचत नाही. तिथं बिनहवेचे जंतू काम करतात. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत जे जंतू असतात, त्यांचेच हे भाऊबंद. ते गाळ खातात आणि बुडबुडे सोडतात.

वरच्या थरात वेगळीच मौज आहे. तिथलं पाणी हिरवंगार असतं. पाहणाऱ्याला वाटतं, पाणी नासलं. पण तो हिरवा रंगच पाणी सुधारत असल्याची खूण आहे. ते बारीक शेवाळ असतं. इतकं बारीक, की एकेक कण डोळ्यांना दिसत नाही. ऊन पडलं की हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं. वरच्या थरातल्या जंतूंना घाण खाऊन पचवायला प्राणवायू लागतो. तो त्यांना शेवाळाकडून मिळतो. जंतू घाण खातात, तिचं रूपांतर करतात, आणि त्यातून जे उरतं ते शेवाळाला खत म्हणून मिळतं. असं हे एकमेकांचं बलुतं आहे. कुणी कुणाला पैसे देत नाही, पण दोघांचं पोट भरतं.

हे बलुतं उन्हावर चालतं. रात्री शेवाळ थांबतं. थंडीत मंदावतं. आभाळ भरलं तर काम ढिलं पडतं. म्हणून तळ्यात पाणी घाई करून पुढं ढकलता येत नाही. त्याला पुष्कळ दिवस, कधी महिनाभरही ठेवावं लागतं.

शेवटच्या तळ्यांत पाणी आणखी उथळ असतं. तिथं ऊन चांगलं आत शिरतं. उन्हाने रोगाचे जंतू मरतात. आपण अंथरुण-पांघरुण उन्हात टाकतो ना, तेच इथं पाण्याला करायचं. शिवाय शेवाळ दुपारी जोरात काम करू लागलं, की पाण्याचा गुण पापडखाराच्या पाण्यासारखा होतो. तो रोगाच्या जंतूंना मानवत नाही. जंतांची अंडी जड असतात, ती पुष्कळ दिवसांत आपोआप तळाला बसतात. अमुक एक औषध टाकलं नि पाणी शुद्ध झालं, असं इथं नाही. ऊन, वारा, वेळ आणि जंतू ह्यांची ही मजुरी आहे.

तळाला गाळ मात्र साचत राहतो. बऱ्याच वर्षांनी तो काढावा लागतो. तळं आपोआप चालतं असं समजून कुणी त्याकडे पाठ फिरवली, तर गाळाने ते भरून येतं, आणि मग पाणी आलं तसंच पुढं जातं.

तळी झाली, तरी काम भागलं नाही

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, झालं, प्रश्न सुटला. वाळवंटात ऊन फुकट, जागा फुकट, आणखी काय पाहिजे? पण त्याच उन्हाने दुसरी पंचाईत केली.

ॲलिस स्प्रिंग्जला पसरट भांड्यात पाणी ठेवून मोजलं, तर वर्षाला सुमारे तीन मीटर पाणी उडून जातं. मोठ्या तळ्यावरून ते थोडं कमी उडतं. आपण अडीच मीटर धरू. आता गणित करा. एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर. त्यावर अडीच मीटर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर. म्हणजे एकरभर तळ्यावरून वर्षाला एक कोट लिटर पाणी आभाळात गेलं! दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे हजार टँकर झाले. त्याबदल्यात पाऊस किती देतो? २८० मिलिमीटरच्या हिशोबाने अकरा-बारा टँकर मागं एक शंभर लावा, म्हणजे एकशे अकरा-बारा टँकर. जमा एकशे दहा-बारा, खर्च हजार. आणि हे कुठलं पाणी? हजारो वर्षांपूर्वीचं, शंभर मीटर खालून वीज जाळून वर काढलेलं.

पाणी उडतं, पण त्यातलं मीठ उडत नाही. ते मागं राहतं. म्हणून अशा तळ्यातलं पाणी जितकं जास्त दिवस उन्हात राहील, तितकं ते खारट होत जातं. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. उसाला पाणी पाजून पाजून जमिनी कशा खारवटल्या, चोपण झाल्या, हे सांगली-कोल्हापूरकडे जाऊन पाहावं.

उन्हाळ्यात तळ्यांतलं पाणी उडून जाई, म्हणून तळी भरत नसत. पण थंडी आली की दुसरी तऱ्हा. (तिकडे जून-जुलैत थंडी असते, आपल्या उलट.) थंडीत पाणी कमी उडतं, गावातून मात्र रोज तेवढंच येत राहतं. तळी काठोकाठ भरत, आणि जास्तीचं पाणी शेजारच्या सखल जागेत सोडलं जाई. ह्या जागेला इल्पार्पाची दलदल म्हणतात. मुळात ती जागा बारमाही ओली नव्हती. पाऊस पडला की भरायची, मग महिनोन् महिने कोरडी पडायची. निसर्गाचा तो क्रम होता. वाळवंटातली झाडं, प्राणी सगळे त्या क्रमाला जुळलेले. आता तिथं पाऊस नसताना पाणी राहू लागलं. लव्हाळी माजली, गवत माजलं.

आणि डास झाले.

डास ही सांडपाण्याची सगळ्यात जुनी शिक्षा आहे. साचलेल्या पाण्यात डासाने अंडी घातली, की उबेच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. इल्पार्पाच्या दलदलीतले डास गावापर्यंत येत. नुसते चावत असते तरी भागलं असतं. पण तिकडच्या एका जातीच्या डासामुळे एक वाईट मेंदूज्वर पसरतो. त्याला मरे व्हॅलीचा मेंदूज्वर म्हणतात. आपल्याकडे जो जपानी मेंदूज्वर होतो, त्याच्याच जातकुळीतला हा रोग. त्याचा विषाणू बगळ्यासारख्या पाणपक्ष्यांच्या अंगात राहतो. डास पक्ष्याला चावतो, मग माणसाला चावतो. पुष्कळ माणसांना काही होत नाही. पण ज्याच्या मेंदूवर तो चढतो, तो दगावू शकतो, किंवा जन्माचा अपंग होऊ शकतो. त्यावर नेमकं औषध नाही.

हा रोग आला की नाही हे माणूस आजारी पडण्याआधी कसं कळणार? तिकडच्या सरकारने ह्यासाठी एक साधी युक्ती केली आहे. ठिकठिकाणी कोंबड्या पाळल्या आहेत. ॲलिस स्प्रिंग्जलाही पाळल्या आहेत. कोंबडीला हा रोग बाधत नाही. पण तसा डास चावला, तर तिच्या रक्तात त्याची खूण उमटते. वेळोवेळी कोंबड्यांचं थोडं रक्त तपासतात. खूण दिसली, की लोकांना सांगतात: संध्याकाळी अंगभर कपडे घाला, डासांपासून जपा. अंडी देण्यापलीकडे कोंबडी गावाची राखणदारीही करते, हे आम्हाला फार आवडलं.

डासांचा त्रास पाहून दलदलीतून चर काढण्यात आला, म्हणजे पाणी साचून न राहता निघून जावं. पण चर खणून पाणी पुढं गेलं, एवढंच. वाया जायचं ते गेलंच. खरा उपाय म्हणजे जास्तीचं पाणी दलदलीत जाऊच न देणं. मग ते न्यायचं कुठं?

पाणी पुन्हा जमिनीत

आभाळात गेलं तर फुकट, उघड्यावर साचलं तर डास. राहता राहिली जमीन. वाळवंटाच्या वाळूला पाणी मुरवण्याचा मोठा गुण आहे. जमिनीखाली पाणी ठेवलं तर ते उडत नाही, आणि तिथं डासाला शिरकाव नाही.

म्हणून त्या प्रांतातल्या पॉवर अँड वॉटर कॉर्पोरेशन ह्या सरकारी मंडळाने एक योजना केली. २००८ पासून ती सुरू झाली. तळ्यांतलं पाणी आधी आणखी निवळायचं, मग नळाने गावाच्या दक्षिणेला सरकारी शेती-संशोधनाच्या जमिनीवर न्यायचं, आणि तिथं जमिनीत मुरवायचं.

निवळायचं कशासाठी? तर त्या शेवाळासाठी. जे शेवाळ तळ्यात सेवक होतं, तेच आता अडचण होऊन बसतं. ते वाळूच्या फटींत जाऊन बसलं, तर पाणी मुरायचं थांबतं. शेवाळ हलकं असल्यामुळे ते तळाशी बसत नाही. तेव्हा उलटं करायचं. त्याला वर आणायचं. तुमच्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या त्यात भेंडीचं पाणी टाकतो. मग सगळी मळी वर येते, आणि झाऱ्याने ती काढून टाकतात. इथं तसंच. तुरटीच्या जातीचं औषध घालून शेवाळाचे पुंजके करतात. खालून पाण्यात अगदी बारीक बारीक हवेचे बुडबुडे सोडतात. बुडबुडे पुंजक्यांना चिकटतात आणि त्यांना घेऊन वर येतात. वरची साय काढून टाकतात. खालचं पाणी निवळ राहतं.

मग हे पाणी उथळ, मोठाल्या वाफ्यांत सोडतात. भाजीच्या वाफ्यासारखेच, पण फार मोठे. काही दिवस वाफा भरायचा. पाणी मुरत जातं. वाफ्याच्या तळाला घाणीची पातळ खपली धरते, आणि मुरणं मंद होतं. मग पाणी बंद. वाफा वाळू द्यायचा. ऊन खपलीला तडे पाडतं, जमिनीत हवा शिरते. शेतकरी ज्याला वाफसा येणं म्हणतो, ते झालं की पुन्हा पाणी. एक भरलेला असताना दुसरा वाळत असतो. ह्या विश्रांतीवाचून काम होत नाही. सतत पाणी ठेवलं तर जमीन गुदमरते, आणि गुदमरलेल्या जमिनीत पाणी नासतं.

जमिनीतून खाली जाताना पाणी आणखी साफ होतं. मातीचे कण गाळणीचं काम करतात, आणि मातीतले जंतू उरलीसुरली घाण खातात. खाली एका जुन्या, केव्हाच बुजलेल्या नदीच्या पात्रातली वाळू-रेती आहे. तिथं पाणी जाऊन राहतं. गरज लागेल तेव्हा बोअर घेऊन ते वर काढावं आणि शेतीला, बागायतीला द्यावं, असा बेत. हे पाणी पिण्यासाठी नाही. पिण्याचे बोअर वेगळ्या ठिकाणी आहेत.

मग सांडपाणी पिण्यालायक करताच येत नाही का? येतं. आफ्रिकेत नामिबिया नावाचा कोरडा देश आहे. तिथलं राजधानीचं शहर विंडहुक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळत आलं आहे. पण त्याला एकापुढे एक अनेक गाळण्या लागतात, रात्रंदिवस तपासणी लागते, आणि खर्च भारी. लहान गावाने त्याच्या नादी लागू नये, असं आमचं मत आहे. पिण्याचं चांगलं पाणी पिण्याला राखावं, आणि झाडाला साफ केलेलं सांडपाणी द्यावं. झाड तक्रार करत नाही.

तळी मात्र अजून आहेत, आणि तिथं एक अनपेक्षित पाहुणा येतो. शेकडो कोस वाळवंटात दुसरं मोठं पाणी नाही. त्यामुळे बदकं, बगळे, लांब पायांचे चिखलपक्षी ह्या तळ्यांवर उतरतात. पक्षी पाहायचा नाद असलेले लोक देशोदेशींहून येतात आणि परवानगी काढून सांडपाण्याच्या तळ्याकाठी दुर्बीण लावून बसतात! आमच्या एका शेजाऱ्याला हे सांगितलं, तर त्याला खरंच वाटेना.

आपल्या मोरीचं पाणी

आपलं गाव वाळवंटात नाही. आपल्याकडे पंचवीस हजारांची वस्ती नाही, की जमिनीखाली नळ नाहीत. पण जमिनीची गाळणी आपल्यालाही आहे. शोषखड्डा म्हणजे त्या मोठ्या वाफ्याचंच घरगुती रूप.

मोरीजवळ, पण भिंतीला लागून नाही, साधारण मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम, त्यावर बारीक खडी भरा. वर तोंडाशी एक मडकं ठेवा. मडक्याच्या बुडाला भोकं पाडा, आणि त्यात काथ्या किंवा नारळाच्या शेंड्या घाला. मोरीचं पाणी ह्या मडक्यातून खाली जाऊ द्या. खरकटं, साबणाचा चिकटा काथ्यात अडकतो. काथ्या दर काही दिवसांनी बदलायचा. हे काम टाळलं, की खड्डा तुंबला म्हणून समजा. ॲलिस स्प्रिंग्जला शेवाळ काढायला यंत्र बसवावं लागलं, ते ह्याच कारणासाठी. आपलं यंत्र म्हणजे मडकं.

काळ्या चिकट जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथं खड्ड्यापेक्षा परसबाग बरी. केळी, अळू, पपई ह्यांना मोरीचं पाणी चालतं. फक्त ते एकाच जागी साचू देऊ नका. आज ह्या आळ्यात, उद्या त्या आळ्यात, अशी पाळी लावा. मुळा, गाजर, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या भाजीला हे पाणी देऊ नका.

दारापुढच्या गटारीत साचलेल्या घाण पाण्यात जो डास होतो, त्याच्यामुळे आपल्याकडे हत्तीरोग पसरतो. डेंग्यूचा डास मात्र घाणीत होत नाही. तो घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात होतो. तेव्हा गटार वाहती ठेवली म्हणून रांजण उघडा ठेवायला मोकळीक मिळाली, असं समजू नये. रांजण आठवड्यातून एकदा रिकामा करून घासावा, आणि झाकावा.

संडासाचं पाणी ह्या शोषखड्ड्यात कधीही सोडायचं नाही. त्याला वेगळे दोन खड्डे लागतात. एक भरला की बंद करायचा, आणि दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचं वर्ष-दीड वर्षात मातीसारखं खत होतं. हे खड्डे पिण्याच्या विहिरीपासून, हातपंपापासून निदान पन्नास फूट लांब असावेत, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला नसावेत. जागा ठरवताना पावसाळ्यात पाणी कुठून कुठं वाहतं ते आठवा. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चांगलं ठाऊक असतं. त्यांना विचारून मग कुदळ मारा.